चौघांत एक जुनी बोट घ्यायची असेल तर

भुसावळ-रावेरकडच्या चार मित्रांनी विचारलंय. चौघंही पंचविशीच्या आसपासचे. दोघं नोकरीला, एक घरची केळी बघतो, एक अजून स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. रावेरजवळ एका शेतात पंधरा फुटी फायबरची बोट दोन वर्षांपासून पडून आहे, सोबत 9.9 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं. आधीच्या मालकाने ती कोकणातून आणली होती, आता एक लाख साठ हजार सांगतोय. हिवाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात फिरायचं, पक्षी बघायचे, जमलं तर गळ टाकायचा, असा बेत आहे. चौघांनी चाळीस-चाळीस हजार काढले की बोट आपली. पुढचा खर्च कसा वाटायचा आणि यात मैत्री तुटणार नाही ना, हे त्यांचे प्रश्न.

तापीकाठावर फायबरची कामं आणि ही इंजिनं दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. सामाईक बोटी घेतलेली पोरं माझ्याकडे येतात, काही दरवर्षी एकत्र येतात, काही पुढच्या वर्षी एकेकटी येतात. त्यावरून सांगतो.

चाळीस हजारांवरून कोणी भांडत नाही. ती रक्कम ठरलेली असते, सगळ्यांची सारखी असते आणि उत्साहाच्या भरात निघून जाते. आपल्याकडे गावोगाव सामाईक विहिरी आहेत, पाण्याच्या पाळ्या वर्षानुवर्षं सुरळीत चालतात. वाद उठतो तो मोटर जळते त्या दिवशी. कोणाच्या पाळीत जळली? बोटीचं याहून अवघड आहे, कारण बोटीत एकाच्या फेरीत झालेलं नुकसान बहुतेक वेळा दुसऱ्याच्या फेरीत दिसतं.

कसं ते बघा. हतनूरच्या पाण्यात भोई बांधवांची जाळी टाकलेली असतात. तुमच्यातला एक जण सकाळच्या धुक्यात जाळ्याच्या कडेवरून गेला. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याला दोन हात नायलॉनचा दोरा गुंडाळला गेला. इंजिन जरा घुटमळलं, मग चालू लागलं. त्याला वाटलं, सुटलो. तो दोरा पंख्याच्या मागे, शाफ्टवर घट्ट बसलेला असतो. फिरता फिरता तापतो आणि आतल्या ऑइल सीलमध्ये रुततो. सील कापलं गेलं की गिअरच्या डब्यात पाणी शिरतं. गिअर ऑइल दुधाळ होतं, त्याचा चिकटपणा जातो, दातांना गंज धरतो. इंजिन मात्र तक्रार करत नाही. महिन्या-दीड महिन्याने दुसरा मित्र पाहुण्यांना घेऊन निघतो, भर पाण्यात कडकन आवाज येतो आणि गिअर जातो. आता सांगा, खर्च कोणाचा? ज्याच्या हातात हँडल होतं त्याच्या नावावर टाकला तर तो अन्याय आहे. ज्याने जाळ्यावरून नेली त्याला आठवतही नाही. चौघंही आपापल्या परीने खरं बोलतात आणि तरी वाकडं येतं.

म्हणून माझा पहिला आग्रह हा की इंजिनाची मोडतोड कोणाच्याही फेरीत होवो, खर्च सामाईक पेटीतून करायचा. अपवाद फक्त तीन ठेवा, आणि ते आधीच लिहून ठेवा: ऑइल न मिसळता पेट्रोल घातलं, दारू पिऊन बोट चालवली, किंवा चौघांबाहेरच्या माणसाच्या हातात बोट दिली. या तिन्हींत ज्याची चूक त्याचा पूर्ण खर्च. बाकी काहीही झालं तरी ‘कोणाच्या वेळी झालं’ हा प्रश्न विचारायचाच नाही.

असं ठरलं की माणसं लपवत नाहीत. दंडाची भीती असली की दोरा अडकल्याचं कोणी वहीत लिहीत नाही. भीती नसली की लिहितो, आणि पुढचा माणूस पाण्यात उतरण्याआधी पंखा काढून बघतो. स्प्लिट पिन, नट, पंखा बाहेर, दोरा ब्लेडने कापून ओढायचा, शाफ्टला ग्रीस लावून परत बसवायचं. पाव तासाचं काम आहे. वेळेत झालं तर फार तर एका सीलचा खर्च. नाही झालं तर अख्खा गिअर.

वही खरोखर ठेवा. मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये गप्पा होतात, हिशेब होत नाही. शंभर पानी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटीच्या सामानातच राहू द्या. तारीख, कोणी नेली, किती तास, किती पेट्रोल, काय खटकलं. ‘खटकलं’चा रकाना रिकामा सोडायचा नाही, काही नसेल तर ‘काही नाही’ असं लिहायचं.

आता पैशाचं. खर्चाचे दोन भाग करा आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. एक, बोट नुसती पडून राहिली तरी लागणारा: विमा, नोंदणी-तपासणीची फी, जागेचं भाडं, काठावर लक्ष ठेवणाऱ्याला द्यायचे पैसे, वर्षाची सर्व्हिसिंग. हा चौघांत समान. तुम्ही वर्षभर एकदाही बोटीत बसला नाहीत तरी द्यायचा, कारण बोट तुमच्यासाठीही उभी असते. दुसरा, बोट चालल्यामुळे होणारा खर्च. तो ज्याने जितके तास चालवली त्याने तितका द्यायचा.

समजा प्रत्येकी महिना 500 रुपये ठरवले. चौघांचे वर्षाला 24,000 होतात. त्याशिवाय इंजिनाच्या प्रत्येक तासाला 150 रुपये झिजेपोटी पेटीत. जो हिवाळ्यात चाळीस तास फिरला तो 6,000 देईल, परीक्षेमुळे ज्याला पाचच तास मिळाले तो 750 देईल. आकडे तुमचे तुम्ही बसवा, पण रचना हीच ठेवा. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘आपण मित्र आहोत, सगळं समान’ म्हणणाऱ्यांत सगळ्यात आधी नाराज होतो तो कमी वापरणारा. तो बोलत नाही, नुसते पैसे द्यायला उशीर करू लागतो. तुमच्यात परीक्षेची तयारी करणारा आहे, त्याचा विचार आजच करा. पैसे दोघांच्या सहीच्या संयुक्त खात्यात राहू द्या, कोणा एकाच्या फोनवर नकोत.

पेट्रोल पेटीतून घेऊ नका. ज्याने नेली त्याने स्वतःचं आणावं. हे इंजिन पूर्ण रेसवर तासाला चार-पाच लिटर पितं, अर्ध्या रेसवर बरंच कमी, त्यामुळे कोण कसा चालवतो तसा ज्याचा त्याचा खर्च. ऑइलची बाटली मात्र सामाईक आणि एकाच प्रकारची ठेवा. ‘टीसी-डब्ल्यू 3’ असं छापलेलं, आऊटबोर्डसाठीचंच ऑइल घ्या. मोपेडचं टू-टी ऑइल स्वस्त पडतं म्हणून कोणी ना कोणी घालतोच, आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ते प्लग आणि पिस्टनवर काजळी धरतं. प्रमाण इंजिनाच्या पुस्तकात असेल ते. बहुतेकांना 50:1, म्हणजे लिटरला 20 मिली. मोजायचा कप दोरीने बाटलीला बांधून ठेवा. ऑइल घातलं की कॅनवर खडूने खूण करा, कॅन रिकामा झाला की खूण पुसा. ऑइलशिवाय इंजिन काही मिनिटांत पकडतं, आणि पिस्टनने सिलेंडर ओरबाडला की तुमच्या वर्षभराच्या पेटीने भागत नाही.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, फार दिवस ठेवलं तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिन तळाचंच ओढतं. तेव्हा लागेल तेवढंच मिसळा. फेरी संपली की काठावर पोचण्याआधी पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो. शेतात दोन वर्षं पडलेल्या तुमच्या इंजिनाचा कार्बोरेटर तर उघडून साफ करावाच लागेल, हे धरूनच भाव करा.

भावाआधी बोट तपासा, आणि चौघंही जा. फायबरच्या बोटीत वरचा रंग बघून काही कळत नाही. सगळ्यात आधी मागची फळी बघायची, जिच्यावर इंजिन अडकवतात. बाहेरून फायबर असलं तरी जुन्या बोटींत आत बहुधा प्लायवूड असतं. इंजिन अडकवून अर्धं वर उचला, एकाने त्याचा खालचा पाय धरून वर-खाली जोर द्या, दुसऱ्याने फळीवर डोळा ठेवा. फळी लवली किंवा कोपऱ्यांत केसासारख्या भेगा उघडल्या-मिटल्या तर आतलं लाकूड कुजलंय. खात्री हवी तर एक बोल्ट काढा. भोकातून कोरडा पिवळसर भुसा आला तर ठीक, काळा ओला चुरा आला तर फळी नवी करावी लागेल, आणि हे सगळ्यात मोठं काम आहे.

मग एक रुपयाचं नाणं घेऊन तळावर हातभर अंतराने ठोकत जा. चांगला भाग टणटण वाजतो. जिथे आवाज बद्द होतो तिथे फायबरचे थर सुटलेत किंवा आत पाणी आहे. तिसरी तपासणी मी नेहमी करायला लावतो, कारण तुमच्या भागात सोय आहे. बोटीच्या पोकळीत तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो, तो वर्षानुवर्षं पाणी पितो आणि बाहेरून काही दिसत नाही. रावेर-सावद्याला केळीच्या गाड्यांचे वजनकाटे आहेत. ट्रॉली बोटीसकट आणि बोटीशिवाय तोलून घ्या. बोट बनवणाऱ्याचं नाव आतल्या पट्टीवर असलं तर त्याला मूळ वजन विचारा. सत्तर-ऐंशी किलो जास्त भरलं तर ते पाणीच आहे. उन्हात वाळेल असं विकणारा म्हणेल. आपल्याकडचं मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशाचं ऊनही बंद पोकळीतला फोम वाळवू शकत नाही.

इंजिन कोकणातून आलंय म्हणजे खाऱ्या पाण्यात चाललेलं. त्याच्या आतल्या पाण्याच्या वाटा मिठाने बुजलेल्या असू शकतात. पाण्याच्या मोठ्या ड्रममध्ये इंजिनाचा खालचा पाय बुडवून ते सुरू करा आणि मागून पडणारी पाण्याची धार बघा. ती जोरात आणि सलग हवी. कोरडं सुरू करून दाखवू देऊ नका, आतला रबरी इम्पेलर, म्हणजे थंड करायला पाणी ओढणारं चाक, तेवढ्यात खराब होतो. दोन्ही सिलेंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेजने मोजून घ्या. दोघांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ते इंजिन या भावात घ्यायचं नाही. शेवटी गिअरच्या डब्याचा खालचा स्क्रू किंचित ढिला करा. पाणी जड असल्याने तळाशी बसतं, आधी पाण्याचे थेंब आले तर सील गेलंय.

कागदाशिवाय बोट पाण्यात घालू नका. 1917 चा जुना कायदा जाऊन आता इनलँड व्हेसल्स ॲक्ट, 2021 लागू आहे. इंजिनाच्या नावेला तपासणी, नोंदणी आणि विमा लागतो. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. चालवणाऱ्याला काय प्रमाणपत्र लागेल तेही तिथेच विचारा. हतनूर तापी पाटबंधारे विकास महामंडळाच्या अखत्यारीत येतं, तेव्हा जलाशयात बोट घालायची परवानगी वेगळी. आणि गळ टाकायचा बेत असेल तर मासेमारीचे हक्क ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहेत तिला विचारून. हे लोक तिथे पोटासाठी आहेत, तुम्ही हौसेसाठी. त्यांचं जाळं तुमच्याने फाटलं तर त्याच दिवशी भरपाई द्या, ती पेटीतून द्या, घासाघीस करू नका. उद्या बोट बंद पडली तर तुम्हाला ओढून आणणारे तेच आहेत.

आपसातला करार 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करा. नोंदणी एकाच्या नावावर झाली तरी चौघांचा चौथाई-चौथाई हिस्सा त्यात यायला हवा. एक सीमारेषा मात्र ओलांडू नका. माघ वारीला चांगदेव-मुक्ताईनगरला गर्दी लोटते, तेव्हा कोणीतरी म्हणेल, चार फेऱ्या मारू, इंजिनाचा खर्च निघेल. भाडं घेतलं की ती हौसेची बोट राहत नाही. प्रवासी वाहतुकीचा परवाना वेगळा, विमा वेगळा. शिवाय चौघांनी मिळून धंदा केला की 1932 च्या भागीदारी कायद्यात जबाबदारी प्रत्येकावर पूर्ण येते. एकाच्या फेरीत अपघात झाला तर भरपाई चौघांपैकी कोणाकडूनही पुरती मागता येते. घरी आईवडिलांना हे आधी सांगा.

कोणी बाहेर पडला तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण हे घडणारच. आपल्याकडची पोरं पुण्याला जातात, नाशिकला जातात, सुरतेला जातात. लग्नं होतात. तेव्हा दर दसऱ्याला बोटीची पूजा झाली की चौघांनी बसून त्या दिवशीची तिची किंमत ठरवा आणि वहीत सह्यांसकट लिहा. वर्षभरात जो निघेल त्याला त्या किमतीचा चौथा हिस्सा, त्याची थकबाकी वजा करून, सहा महिन्यांत. किंमत ठरवताना कोण निघणार हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून ती योग्य ठरते. निघणाऱ्याने आपला हिस्सा आधी उरलेल्या तिघांना द्यायचा, त्यांनी नाही म्हटलं तर बाहेर, आणि नवा माणूस तिघांना पसंत हवा.

हंगामाचं नीट समजून घ्या, कारण तुमच्या खर्चाचा हिशेब त्यावर बसतो. जून ते सप्टेंबर बोट पाण्याबाहेर. हतनूरला तापी आणि पूर्णा दोन्हींचं पाणी येतं. तापी बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते, पूर्णा अकोला-बुलढाण्याचं पाणी घेऊन चांगदेवला तिला मिळते. आपल्या डोक्यावर ऊन असताना वरच्या पावसाने पातळी चढते आणि धरणाचे 41 दरवाजे पूर्ण उघडावे लागतात. त्या ओढीपुढे 9.9 चं इंजिन काहीच नाही. एप्रिल-मेमध्ये उलट पाणी मागे सरतं, गाळ उघडा पडतो, बोट रुतते आणि इम्पेलर गाळ ओढून झिजतो. इम्पेलर दरवर्षी बदला, तो पेटीतला पक्का खर्च धरा. म्हणजे तुम्हाला मिळणार दसऱ्यानंतरपासून मार्चपर्यंतचे पाच-सहा महिने, आणि बाराही महिन्यांचा सांभाळ. तेवढ्यासाठी चौघांत बोट घेणं योग्यच आहे, एकट्याने ती परवडतही नाही आणि वापरूनही होत नाही.

उन्हाळ्यात बोट लिंबाखाली, लाकडी ओंडक्यांवर पालथी ठेवा. ताडपत्री अंगाला चिकटवू नका, खालून वारा खेळू द्या, नाहीतर आतल्या वाफेने जेलकोटला, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला, फोड येतात. इंजिन उभंच टांगा, म्हणजे आतलं पाणी निथळतं.

पक्ष्यांजवळ जाताना इंजिन बंद करून वल्हं मारा. पट्टकादंब आणि चक्रवाक हजारो मैलांवरून येऊन तिथे विसावतात, त्यांना पुन्हा पुन्हा उठवू नका.

आणि जीवाचं. यात वाटाघाट नाही. 2019 च्या मकर संक्रांतीला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यात नर्मदेत भरगच्च नाव उलटली, त्यात लहान मुलंही गेली. मे 2024 मध्ये उजनी धरणात वावटळीने बोट बुडाली, सहा जण गेले. जॅकेट प्रत्येकाला, काठावरच घालायचं, पोहता येत असलं तरीही. जुनी जॅकेटं मिळाली तर एकेक घालून कमरेइतक्या पाण्यात पाय उचलून बघा. हनुवटी पाण्याबाहेर राहिली नाही तर ते फेकून द्या. माणसं बसल्यावर बोटीचा काठ पाण्यापासून फूटभर वर हवा, त्याहून खाली गेला तर एकाने उतरायचं, मग तो कोणाचाही पाहुणा असो. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. दुपारनंतर वारा उठला की परत फिरायचं. ज्याने हे मोडलं त्याला बाकीच्या तिघांनी एक महिना बोट द्यायची नाही, हे करारात लिहा.

आता तुमच्या बोटीबद्दल. मागची फळी घट्ट निघाली, वजन बरोबर भरलं आणि कॉम्प्रेशन सारखं आलं, तर एक लाख चाळीसपर्यंत जा, उरलेले वीस हजार कार्बोरेटर, इम्पेलर, सील आणि जॅकेटांना लागतीलच. फळी लवत असेल तर इंजिनाचा वेगळा भाव विचारा आणि बोट तिथेच राहू द्या. तपासणीला जाताना गेज नसेल तर माझं घेऊन जा.